वसंतांतील तलाव, कयाक होडी आणि बास मासा

शेतकऱ्याची मिळकत जमिनीवर असते हें खरें. परंतु धरणें झाल्यापासून आपल्यापैकीं पुष्कळांच्या शेताची एक बाजू पाण्याला जाऊन भिडली आहे. खरेदीखताच्या चतुःसीमेंत त्या बाजूस 'जलाशय' एवढा एकच शब्द लिहिलेला असतो. त्या पाण्यांत काय पिकतें, तें केव्हां व किती काढावें, आणि काढतांना स्वतःचा जीव कसा राखावा, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतों. प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांतील कारकुनींत तीस वर्षें हद्दी व क्षेत्रें यांचेच कागद हाताळले. निवृत्तीनंतर सन २०२५ च्या वसंत ऋतूंत अमेरिकेंत चिरंजीवाकडे दोन महिने राहण्याचा योग आला. तेव्हां तेथील एका धरणाच्या पाण्यावर लोक लहानशा होड्यांतून बास नांवाचा मासा कसा धरतात, तें जवळून पाहण्यास मिळालें. हौसेच्या या खेळाची हकीकत शेतकीच्या मासिकांत कशाला, असें कोणी म्हणेल. त्यानें लेख शेवटपर्यंत वाचावा, इतकीच विनंति आहे.

नॉर्थ कॅरोलायना हें अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एक राज्य. तेथील कॅरी या शहरीं चिरंजीव नोकरीस असून शहराच्या पश्चिमेस जॉर्डन तलाव आहे. सन १९४५ च्या महापुरांत केप फिअर नदीच्या खोऱ्यांतील लोकांचें अतोनात नुकसान झालें. त्यावरून वरच्या बाजूस हॉ नदीवर हें धरण बांधण्याचें ठरलें. सन १९६७ मध्यें काम सुरू झालें आणि १९८२ च्या सुमारास तलाव पुरता भरला. पाण्याचा विस्तार सुमारें १४,००० एकर. आपल्या उजनीच्या मानानें तो लहानच म्हणावयाचा. पण आसपासच्या शहरांना पिण्याचें पाणी, खालच्या खोऱ्याला पुरापासून संरक्षण आणि लोकांना विरंगुळा, अशीं तीन कामें तो करतो.

त्या वर्षीं पाडवा ३० मार्च रोजीं, रविवारीं आला. घरीं गुढी उभारून, श्रीखंड-पुरीचें जेवण करून आम्ही दुपारीं तलावावर गेलों. पाईनच्या झाडांचे पराग गळून पाण्यावर हळदीसारखी पिवळी साय धरली होती. शेजारीं राहणारे एक वृद्ध गृहस्थ आमच्याबरोबर होते. त्यांचें बालपण शेतांत गेलेलें. पाण्याकडे बोट करून ते म्हणाले कीं, या जागीं खालीं शेतें होतीं, रस्ते होते, आणि त्यांच्या ओळखीच्या कुटुंबांना सर्व सोडून उठावें लागलें. चिरंजीवानें तें मला मराठींत सांगितलें, तेव्हां मला माझ्या आजोळाची आठवण झाली. इंदापूर तालुक्यांतील माझ्या मामांची काळी जमीन उजनीच्या पाण्याखालीं गेली. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे पळसदेवचें जुनें देऊळ जसें वर येतें, तसा एखाद्या दुष्काळी वर्षीं मामांच्या विहिरीचा कठडाही दिसूं लागतो, आणि मामा मुद्दाम जाऊन तो पाहून येतात. दोन देश निराळे, परंतु धरणाखालीं गेलेल्या शेताचें दुःख एकच, असें त्या वेळीं वाटलें.

आतां माशाविषयीं. बास माशाच्या अनेक जाति आहेत. त्यांपैकीं मोठ्या तोंडाचा, ज्यास तिकडे लार्जमाउथ म्हणतात, तो सर्वांत लोकप्रिय होय. हा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागांतील नद्या-सरोवरांतला. पाठ हिरवट, पोट पांढरें, आणि कुशीवरून शेपटीपर्यंत गेलेला काळसर पट्टा, अशी त्याची खूण आहे. तोंड मिटलें असतां जबड्याचें टोंक डोळ्याच्याही मागें जातें, यावरून त्याचें नांव पडलें. तो मांसाहारी आहे. लहान मासे, बेडूक, झिंगे, जें तोंडांत मावेल तें तो गिळतो. भक्ष्याच्या मागें दूरवर धांवण्याचा त्याचा स्वभाव नाहीं. बुडालेल्या झाडाच्या बुंध्याआड किंवा पाणवनस्पतींच्या कडेला तो दबा धरून बसतो.

या माशाच्या वजनाचा जो जुना विक्रम आहे, तो शेतकऱ्यांस आवडावा असा आहे. दिनांक २ जून १९३२ रोजीं जॉर्जिया राज्यांत जॉर्ज पेरी नांवाच्या तरुण शेतकऱ्यानें २२ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारें १० किलो वजनाचा बास धरला. पावसानें रान इतकें ओलें होतें कीं नांगर घालणें शक्य नव्हतें, म्हणून तो मित्राबरोबर घरीं बनविलेल्या होडींतून माँटगोमेरी तलावावर गेला होता. मंदीचे दिवस होते. माशाचें वजन करून झाल्यावर घरच्यांनीं तो शिजवून खाल्ला. या वजनाची बरोबरी होण्यास ७७ वर्षें लागलीं. सन २००९ मध्यें जपानांतील बिवा सरोवरांत तेवढ्याच वजनाचा बास धरला गेला. जपानांत हा मासा कसा पोंचला व त्याचें फळ काय झालें, तें पुढें सांगतों.

या माशाचा खरा हंगाम वसंत ऋतु. हिवाळ्यांत तो खोल पाण्यांत मंदावून पडलेला असतो. दिवस मोठा होऊं लागला, पाणी कोमट होऊं लागलें म्हणजे तो उथळ पाण्याकडे सरकतो. ज्या कांठाला दिवसभर ऊन लागतें आणि ज्यास थंड वाऱ्यापासून आडोसा असतो, तेथील पाणी आधीं तापतें. म्हणून तलावाचा उत्तरेकडील कांठ व आंत शिरलेले ओढ्यांचे फुगवटे हे प्रथम जागे होतात. पाण्याची उष्णता ६० ते ६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे १६ ते १८ अंश सेंटिग्रेडच्या आसपास आली कीं नर कठीण, वाळूमिश्रित तळ निवडून शेपटीनें झाडून काढतो आणि ताटाएवढी गोल स्वच्छ जागा तयार करतो. हेंच त्याचें घरटें. मादी तेथें हजारों अंडीं घालून निघून जाते. नर मात्र जागा सोडीत नाहीं. अंड्यांवर गाळ बसूं नये म्हणून तो परांनीं व शेपटीनें पाणी हालवीत राहतो, आणि अंडीं खाण्यास टपलेल्या लहान माशांना हुसकावून लावतो. तीन-चार दिवसांत अंडीं फुटतात. पुढेंही पिल्लांचा थवा स्वतः फिरूं लागेपर्यंत तो त्यांच्याभोवतीं राखण करतो. या काळांत त्याचें स्वतःचें खाणें जवळजवळ बंद असतें.

आतां होडीविषयीं. कयाक ही मूळ उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची होडी. लांकूड अथवा हाडें यांच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून ते ती करीत आणि तींत बसून शिकार साधीत. आजची मासेमारीची कयाक प्लास्टिकची, एकसंध ओतलेली, १० ते १३ फूट लांब व सुमारें तीन फूट रुंद असते. तींत एकच माणूस बसतो. दोन्ही टोंकांना पातें असलेलें वल्हें हातांत धरून तो आळीपाळीनें दोन्ही बाजूंस मारतो. कांहीं होड्यांना सायकलीसारखीं पावडीं असतात. तेल लागत नाहीं, आवाज होत नाहीं, मोटारीच्या टपावर बांधून नेतां येते. तिला तरंगण्यास वीतभर पाणीही पुरतें. त्यामुळें मोठ्या यांत्रिक होड्या जेथें जाऊंच शकत नाहींत, अशा झुडपांच्या उथळ पाण्यांत ती शिरते. आणि वसंतांत मासा नेमका तेथेंच असतो. आपल्याकडे गुऱ्हाळाची काहील पाण्यांत लोटून पलीकडे जाणारे लोक जुन्या मंडळींनीं पाहिले असतील. तितकाच साधा हा प्रकार. मात्र काहील गरगरते, ही सरळ जाते.

मासा कोठें असेल, हें शोधण्याची त्यांची रीति पाहून माझ्यांतील जुना कारकून सुखावला. शेजारच्या गृहस्थांनीं धरण होण्यापूर्वींचा भूमापनाचा नकाशा आणून टेबलावर पसरला. जुना ओढा कोठून वळत होता, रस्ता कोठें ओढ्याला ओलांडीत होता, कुंपणाची रांग कोठें होती, हें त्यांनीं बोटानें दाखविलें. ओढ्याचें जुनें पात्र म्हणजे माशाची वाट, आणि रस्त्याचा जुना भराव म्हणजे त्याची विश्रांतीची जागा. खोल पाण्यांतून उथळ पाण्याकडे येतांना बास याच मार्गानें येतो. हल्लीं होडींत लहानसें यंत्र बसवितात. तें ध्वनीच्या योगानें तळाचें चित्र पडद्यावर दाखवितें. परंतु ते गृहस्थ म्हणाले, यंत्र होडीखालचें दाखवितें, नकाशा पुढचें सांगतो. ज्या नकाशांवर आम्हीं नुकसानभरपाईचीं क्षेत्रें मोजलीं, त्यांचा असाही उपयोग असतो, हें मला साठीच्या उंबरठ्यावर कळलें.

गळाचें तंत्र लांबलचक आहे. त्याचें सार तेवढें सांगतों. जिवंत आमिष लावणें फारसें नाहीं. रबरासारख्या मऊ प्लास्टिकचा गांडूळ गळावर चढवून तो तळाशीं हळूहळू ओढतात. हा कृत्रिम गांडूळ ओहायो राज्यांतील निक क्रीम यांनीं सन १९४९ मध्यें तयार केला, आणि तेव्हांपासून तो बासच्या शिकारींत रूढ झाला. पाणी थंड असेल तर ओढण्याची गति मंद ठेवावयाची, पाणी तापेल तशी वाढवावयाची. मासा लागला कीं दोरी सैल न सोडतां, घाई न करतां त्यास होडीजवळ आणतात आणि खालच्या जबड्यास अंगठ्यानें धरून वर घेतात.

पुढचा प्रकार मला सर्वांत नवलाचा वाटला. चिरंजीवानें मासा एका पाटीवर ठेवला. तिच्यावर इंचांच्या खुणा होत्या. तोंड मिटवून, शेपटी सरळ करून लांबी पाहिली, छायाचित्र घेतलें आणि मासा परत पाण्यांत सोडून दिला. सारें मिनिटाभरांत आटोपलें. कयाकवाल्यांच्या शर्यती असतात, त्यांचा निकालही अशा छायाचित्रांवरच लागतो. छायाचित्रांत त्या दिवशींचा सांकेतिक क्रमांक दिसलाच पाहिजे, म्हणजे जुनें चित्र खपवितां येऊं नये. प्रत्येकाच्या पांच सर्वांत लांब माशांच्या इंचांची बेरीज करतात आणि ज्याची अधिक तो जिंकतो. मासा मारावा लागत नाहीं. मला तर हा जागेवरचा पंचनामाच वाटला, आणि तोही बिनतक्रारीचा.

ज्याला मासा खावयाचा असेल त्यास बंदी नाहीं. परंतु दिवसाकाठीं किती व किती लांबीचे न्यावेत, याचे प्रत्येक राज्याचे नियम आहेत. अनेक राज्यांत बासची मर्यादा माणशीं पांच आहे. मासा सोडून देण्याची चाल सन १९७२ पासून रे स्कॉट यांनीं शर्यतींतून रूढ केली. आज पुष्कळ लोक नियमापेक्षांही अधिक संयम पाळतात, विशेषतः वसंतांत.

याचें कारण मीं शेजारच्या गृहस्थांस विचारलें. ते मला होडींतून उथळ पाण्याकडे घेऊन गेले आणि दुरूनच एक घरटें दाखविलें. स्वच्छ पाण्यांत नर एकाच जागीं घिरट्या घालीत होता. ते म्हणाले, या वेळीं गळ समोर नेला तर तो भुकेनें नव्हे, रागानें तोंड घालतो. म्हणून त्यास धरणें अगदीं सोपें असतें. परंतु त्यास वर उचलला कीं भोवतीं टपलेले लहान मासे क्षणांत अंड्यांवर पडतात. लगेच सोडला तर परत येऊन उरलेलीं अंडीं राखतो; टोपलींत टाकला तर सारें घरटें गेलें. "एका माशासाठीं सबंध पेरा खणून काढणारा शेतकरी तुम्हीं पाहिला आहे काय?" असें त्यांनीं मला विचारलें. माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

उत्तर नव्हतें, कारण मीं असे शेतकरी पाहिले आहेत. आपली मरळ घ्या. पावसाळ्याच्या तोंडीं तळ्याच्या कडेला तांबूस पिल्लांचा गोळा पाण्याच्या पृष्ठावर फिरतो, आणि त्याखालीं आईबाप राखण करीत असतात. तो गोळा दिसला कीं आमच्या लहानपणीं मुलें आरडाओरड करीत आणि मोठी माणसें गळ किंवा भाला घेऊन धांवत, कारण या वेळीं मरळ पळून जात नाहीं. तिचा वात्सल्यभाव हाच तिचा घात होतो. मरळीचा भाव ऐकून आज आपण चकित होतों. ती दुर्मिळ कां झाली, हें मात्र विचारीत नाहीं. कटला, रोहू, मृगळ यांची गोष्ट थोडी निराळी. ते पावसाळ्यांत वाहत्या पाण्यांत अंडीं सोडतात व राखण करीत नाहींत. पण त्यांचींही बोटाएवढीं पिल्लें बारीक आसाच्या जाळ्यांत सांपडून मातीमोल भावानें विकलीं जातात, ही तक्रार उजनीच्या कांठीं नित्याचीच आहे. बियाणें दळून खाणाऱ्याला आपण जें नांव ठेवतों, तेंच येथें लागू पडतें.

येथवर माशाचें झालें, आतां माणसाचें. शनिवार, ५ एप्रिलचा दिवस मी विसरणार नाहीं. सकाळीं ऊन स्वच्छ होतें, हवा उबदार होती. चिरंजीव होडी उतरवूं लागला, तेव्हां शेजारच्या गृहस्थांनीं त्याच्या हातांत तरंगणारें जाकीट दिलें आणि बंद नीट आवळून पाहिले. मीं हंसून म्हटलें, "अहो, हा भीमेच्या कालव्यांत पोहणें शिकला आहे. एवढ्या उन्हांत बंडी कशाला?" ते म्हणाले, कपडे हवेकडे पाहून नव्हे, पाण्याकडे पाहून घालावयाचे. पाणी त्या दिवशीं जेमतेम १५ अंश सेंटिग्रेड होतें.

दुपारीं बाराच्या पुढें नैऋत्येकडून वारा सुटला. मी कांठावर बसून पाहत होतों. चिरंजीवाची होडी बुडालेल्या झाडांच्या जवळ होती आणि त्याच्या गळास मोठा मासा लागला होता. मासा एका बाजूस ओढीत होता, वाऱ्यानें होडी दुसऱ्या बाजूस बुंध्यावर ढकलली. तो एकाच अंगावर वांकला आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच होडी पालथी झाली. त्याचें डोकें वर आलें, पण तोंडांतून शब्द फुटेना. थंड पाण्यांत अकस्मात् पडलें असतां छाती आंवळते, श्वास आपोआप जोरानें आंत ओढला जातो. त्याच क्षणीं तोंड पाण्याखालीं असेल तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. पहिलें मिनिट श्वासाचें असतें. पुढचीं दहाएक मिनिटें हातपाय कह्यांत असतात; नंतर बोटें काम करीत नाहींत. हें सारें मला मागाहून समजलें. त्या वेळीं एवढेंच दिसलें कीं, जाकिटानें त्याचें तोंड पाण्याच्या वर धरून ठेवलें आहे.

शेजारचे गृहस्थ आपली होडी त्याच्याजवळ नेऊन ओरडले, "पोहूं नकोस, होडी धर, आधीं श्वास घे." मग दोघांनीं होडी सुलटी केली. चिरंजीवानें पाय मारीत तिच्यावर आडवें पोट टाकलें, उलटून पाठीवर झाला आणि बसला. या सर्वांस दहा मिनिटें लागलीं असतील. माझ्या हिशेबीं तें अर्धें आयुष्य होतें. कांठास आला तेव्हां त्याचे ओंठ निळे पडले होते आणि जाकिटाचे बंद त्याच्या बोटांनीं सुटेनात. ते मीं सोडले. काठी, आमिषांची पेटी, सारें तळाशीं गेलें. मुलगा हातीं लागला. त्या रात्रीं त्याच्या आईस आम्हीं अर्धीच हकीकत सांगितली.

अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे होड्यांच्या अपघातांविषयीं दरवर्षीं अहवाल निघतात. बुडून मेलेल्या दहा माणसांपैकीं आठांहून अधिक जणांच्या अंगांत जाकीट नसतें, हें त्यांत पुनःपुन्हा आढळून येतें. ज्यांच्या होडींत तें होतें पण अंगांत नव्हतें, त्यांस त्याचा उपयोग झाला नाहीं. कारण होडी उलटण्यापूर्वीं सूचना देत नाहीं.

या तलावांची निगा कोणाच्या पैशानें होते, हाही प्रश्न कारकून या नात्यानें मीं विचारला. सोळा वर्षांवरील लोकांस मासेमारीचा परवाना काढावा लागतो. शिवाय सन १९५० च्या कायद्यानें काठी, गळ, आमिषें वगैरे सामानावर कारखानदाराकडून १० टक्के कर घेतला जातो. ही रक्कम सरकारच्या सर्वसाधारण खजिन्यांत मिसळत नाहीं. ती राज्यांना वांटून देतात. वांटणींत ६० टक्के भार परवानाधारकांच्या संख्येवर आणि ४० टक्के भार क्षेत्रफळावर असतो. मत्स्यसंवर्धनाच्या मान्य कामांस तीन चतुर्थांशपर्यंत खर्च या निधींतून मिळतो, उरलेला राज्यानें घालावयाचा. म्हणजे जो गळ विकत घेतो, तोच पाण्यांत पिल्लें सोडण्याचा खर्च देतो. पाटबंधाऱ्याची पट्टी पाटाच्या दुरुस्तीवरच खर्च व्हावी, अशी जी आपली जुनी मागणी, तिचेंच हें पाण्यांतील रूप होय.

हें ऐकून एखादा उत्साही गृहस्थ म्हणेल कीं, असा मासा आपल्या शेततळ्यांत आणून सोडावा. तसें चुकूनही करूं नये. जपानांत हा मासा सन १९२५ मध्यें अमेरिकेहून आणून आशी सरोवरांत सोडला. पुढें तो इतरत्र पसरला, आणि तेथील मूळच्या लहान माशांचा त्यानें फडशा पाडला. अखेर सन २००५ मध्यें कायद्यानें त्याची आयात, वाहतूक व पाळणूक यांवर बंदी घालावी लागली. आपल्याकडेही तिलापिया, ज्यास उजनीवर चिलापी म्हणतात, तो सन १९५२ मध्यें बाहेरून आणला. आज भिगवणच्या बाजारांत त्याचे ढीग लागतात. परका मासा सोडणें हातचें असतें, परत काढणें नसतें. आणावयाचा तो मासा नव्हे, त्या लोकांची शिस्त आणावयाची.

आपलें पाणी थंड नसतें, हें खरें. परंतु आपला वारा कमी नाहीं. चैत्र-वैशाखांत दुपार कलली कीं ढग येतात आणि वळिवाच्या आधीं जो वारा सुटतो, तो उजनीसारख्या उघड्या पाण्यावर पुरुषभर लाटा उठवितो. दिनांक २१ मे २०२४ रोजीं सायंकाळीं करमाळा तालुक्यांतील कुगाव व इंदापूर तालुक्यांतील कळाशी यांच्या दरम्यान प्रवाशांची बोट अशाच वाऱ्यांत उलटली आणि सहा जीव गेले, त्यांत लहान मुलेंही होतीं. त्याच पाण्यावर आपलीं माणसें थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा मोटारीच्या फुगविलेल्या ट्यूबवर बसून रोज जाळीं टाकतात.

म्हणून माझ्या कृषिबंधूंस चार गोष्टी सुचवितों. पहिली, ज्याचें शेत पाण्यास लागून आहे, त्यानें घरांतील प्रत्येक मासे धरणाऱ्यास तरंगणारें जाकीट घेऊन द्यावें, आणि तें होडींत न ठेवतां अंगांत घालण्याचा नियम करावा. बैलजोडीच्या विम्याचा विचार आपण करतों. हा त्याहून स्वस्त विमा आहे. दुसरी, चैत्र-वैशाखांत दुपारीं तीनच्या आंत कांठास यावें. पश्चिमेस ढग दिसला तर त्याहीपूर्वीं. तिसरी, पिल्लें राखणारी मरळ आणि बारीक आसाचें जाळें, या दोहोंना आपल्या हद्दींत मज्जाव करावा. तळें स्वतःचें असेल तर आपलाच शब्द कायदा आहे. जलाशय सरकारी असेल तर तेथील मासेमारीचा हक्क मच्छीमार संस्थांस किंवा परवानाधारकांस दिलेला असतो. त्यांच्याशीं भांडण न करतां गांवच्या सभेंत हा विषय मांडावा, कारण पिल्लें वाचण्यांत त्यांचाच लाभ अधिक आहे. चौथी, किती मासा निघाला व केवढा निघाला, याची वही ठेवावी. ज्याची नोंद नाहीं तें घटलें केव्हां, हें कोणालाच सांगतां येत नाहीं. दफ्तरांत आयुष्य घालविलेल्या माणसाचा हा एवढाच अनुभव आहे.

परत येतांना मीं सामानांत एक जाकीट आणलें. मामांचा नातू रोज पहाटे ट्यूबवर बसून उजनींत जाळें टाकतो; त्याच्यासाठीं तें होतें. त्यानें तें घेतलें, "काका, लोक हंसतील," असें म्हणाला, आणि खुंटीस टांगून ठेवलें. दोनदां गेलों तेव्हां तें तेथेंच होतें. तिसऱ्या खेपेस मीं त्यास आमच्या चिरंजीवाची सबंध हकीकत सांगितली. त्याच्या आईस आम्हीं न सांगितलेला भागही सांगितला. मामा शेजारीं बसून ऐकत होते. ते एवढेंच म्हणाले, "जमीन या पाण्यांत गेली, ती गेली. आतां आणखी कांहीं द्यावयाचें नाहीं." दुसऱ्या दिवशीं पहाटे मी उठलों तेव्हां पोरगा पाण्यावर गेला होता आणि खुंटी मोकळी होती.